डबाबंद भाज्या आणि सुका मेवा : पोषणमूल्यांची तुलना व बीड जिल्ह्यातील आहार

दोन वस्तूंची तुलना करावयाची झाल्यास त्या वस्तूंची नावे प्रथम निश्चित असावी लागतात. 'सुका मेवा' या नावाच्या बाबतीत तशी निश्चिती नाही. 'मेवा' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'फळ' एवढाच आहे. 'रानमेवा' या समासात तो अद्याप टिकून आहे. बोरे, करवंदे, जांभळे, सीताफळे यांना तो शब्द आजही लागू पडतो. परंतु 'सुका' हे विशेषण जोडले जाताच त्याची कक्षा विस्तारली आणि बदाम, पिस्ते, काजू, अक्रोड यांसारखी कवचाआडची बीजेही तीत आली. परिणामी एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न प्रकृतीचे पदार्थ नांदू लागले. बदामात निम्म्याच्या जवळपास स्निग्धांश व शेकडा २१ च्या आसपास प्रथिने असतात. बेदाण्यात स्निग्धांश शेकडा अर्ध्याहूनही कमी असतो आणि प्रथिने शेकडा ३ च्या घरात असतात. 'सुका मेवा प्रथिनांनी समृद्ध असतो' हे विधान पहिल्याविषयी खरे, दुसऱ्याविषयी खोटे. प्रस्तुत विवेचनात 'सुका मेवा' याचा अर्थ पाणी काढून टाकून टिकविलेली फळे, म्हणजे बेदाणे, मनुका, खारीक, अंजीर, जर्दाळू, एवढाच घेतला आहे. ('बेदाणा' हा शब्दही फारसीच, बी नसलेला, असा त्याचा अर्थ. बी असलेल्या मोठ्या सुक्या द्राक्षाला मनुका म्हणण्याची आणि हा भेद पाळण्याची मराठीची रीत पुष्कळ व्यापाऱ्यांनी सोडून दिली आहे, ही गोष्ट वेगळी.)

'डबाबंद भाजी' या नावात असा घोटाळा नाही. वाटाणा, घेवडा, मक्याचे दाणे, पालक, टोमॅटो असे मोजकेच जिन्नस त्यात येतात.

या दोहोंविषयी जनमानसात असलेली समजूत ठाम आहे : डब्यातली भाजी शिळी व निःसत्त्व, सुका मेवा पौष्टिक. बाळंतिणीच्या लाडवांत खारीक घालावी, आजाऱ्यास मनुका द्याव्यात, 'रक्त वाढावे' म्हणून मुलीला काळे बेदाणे भिजवून द्यावेत, हा सल्ला मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत सर्रास ऐकू येतो. तो निव्वळ औपचारिक नाही. त्यावर गरीब घरातला पैसा खर्च होत असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील शेकडा ५४.२ स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. चौथ्या फेरीत हे प्रमाण शेकडा ४८ होते. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात, जेथील लक्षावधी स्त्री-पुरुष दरसाल दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि सुमारे सहा महिने कोप्यांत राहतात, तेथे टिकाऊ अन्नाचा प्रश्न हा चैनीचा प्रश्न राहत नाही. कोणत्या टिकाऊ अन्नातून नेमके काय मिळते, हे तेथे नीट कळणे अगत्याचे आहे.

सामान्यतः तुलना केली जाते ती १०० ग्रॅमच्या तक्त्यावरून. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बेदाण्यांत १.८८ मिलिग्रॅम लोह असते, आणि पाणी निथळलेल्या १०० ग्रॅम डबाबंद वाटाण्यात ०.९५ मिलिग्रॅम. म्हणजे बेदाण्यात लोह दुप्पट, असा निष्कर्ष निघतो आणि तो छापलाही जातो. परंतु या वाटाण्यात शेकडा ८२ भाग पाणी आहे; बेदाण्यात ते शेकडा १५ आहे. तराजूच्या एका पारड्यात अन्न आणि दुसऱ्यात बव्हंशी पाणी ठेवून ही तुलना झालेली असते. पाणी वगळून कोरड्या द्रव्याच्या हिशेबाने पाहिले तर १०० ग्रॅमला वाटाण्यात सुमारे ५.३ मिलिग्रॅम आणि बेदाण्यात सुमारे २.२ मिलिग्रॅम लोह पडते. उष्मांकांच्या हिशेबाने पाहिले तर १०० ग्रॅम वाटाणा ६९ उष्मांक देतो व तेवढेच बेदाणे २९९ देतात. तेव्हा प्रत्येक १०० उष्मांकांमागे वाटाण्यातून १.४ आणि बेदाण्यांतून ०.६ मिलिग्रॅम लोह मिळते. निष्कर्ष पूर्णतः उलटला. आकडे तेच, केवळ भाजक बदलला.

उष्मांकांचा भाजक तरी निर्दोष आहे काय? तोही नाही. डबाबंद पालक १०० उष्मांकांमागे १० मिलिग्रॅम लोह देतो असे या हिशेबाने दिसते. परंतु १०० उष्मांक मिळविण्यासाठी सव्वाचारशे ग्रॅमहून अधिक पालक खावा लागेल, आणि तेवढा पालक कोणी एका बैठकीत खात नाही. तेव्हा तिसरे माप, म्हणजे माणूस प्रत्यक्षात जेवढे खातो ते, हेच व्यवहारात उपयोगी ठरते. मूठभर बेदाणे म्हणजे सुमारे ३० ग्रॅम. त्यांत लोह ०.५६ मिलिग्रॅम. वाटीभर वाटाणा म्हणजे सुमारे १०० ग्रॅम, त्यात ०.९५. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी दररोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. त्या मापासमोर दोन्ही आकडे इतके लहान आहेत की कोणता मोठा हा वाद गौण ठरतो.

लोहाच्या आकड्यांविषयी आणखी एक सावधगिरी अवश्य आहे. भारतीय अन्नपदार्थांचे पोषणमूल्य मांडण्याचे काम डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी कुन्नूर येथील प्रयोगशाळेतून १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेपासून सुरू झाले. तो धागा पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने चालविला आणि २०१७ साली ५२८ पदार्थांचे नवे भारतीय तक्ते प्रसिद्ध केले. या प्रवासात पालेभाज्यांतील लोहाचे आकडे फार खाली आले. पालकात १०० ग्रॅमला १० मिलिग्रॅमहून अधिक लोह असल्याचे जुने तक्ते सांगत. नव्या मापनात ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास ठरले. पानांना चिकटलेली माती हे अशा फुगलेल्या आकड्यांचे एक कारण मानले जाते. खारकेचेही असेच. जुन्या भारतीय तक्त्यांतील तिचा लोहांश मोठा आहे, तर अमेरिकन तक्त्यांत खजुराच्या प्रचलित जातींमध्ये तो १०० ग्रॅमला १ मिलिग्रॅमच्या आसपासच आहे. घरोघरी सांगितला जाणारा खारकेचा महिमा अंशतः जुन्या तक्त्यांच्या पुण्याईवर उभा आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आता टिकविण्याच्या क्रियेत काय घडते ते पाहू. डबाबंद करण्याची रीत निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने शोधली; तिचे विवरण करणारे त्याचे पुस्तक १८१० साली निघाले आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने कथलाचा मुलामा दिलेल्या डब्याचे एकस्व घेतले. अन्न का टिकते हे आपेरला ठाऊक नव्हते. पाश्चरचे संशोधन त्यानंतर अर्ध्या शतकाने झाले. आज कारण माहीत आहे. भाज्यांत आम्लता कमी असते, आणि ज्यांचा सामू ४.६ हून अधिक आहे अशा पदार्थांत हवाबंद स्थितीत क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा विषोत्पादक जीवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. म्हणून भाजीच्या डब्याच्या अगदी मध्यभागापर्यंत १२१ अंश सेल्सिअस तापमान सुमारे ३ मिनिटे, अथवा त्याच्या तुल्य उष्णता, पोहोचवावी लागते, आणि हे दाबाखालील वाफेवाचून साधत नाही. घरच्या घरी बाटल्यांत भाजी उकळून बंद करण्याचे प्रयोग याच कारणाने धोक्याचे आहेत. टोमॅटोसारख्या आंबट पदार्थाला मात्र त्याहून सौम्य उष्णता पुरते.

या उष्णतेची किंमत 'क' जीवनसत्त्व, थायमिन आणि फोलेट यांना मोजावी लागते. ताज्या वाटाण्यात १०० ग्रॅमला ४० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते, डबाबंद व निथळलेल्या वाटाण्यात ९.६ उरते. मात्र ही सर्व घट म्हणजे नाश नव्हे. पाण्यात विरघळणारे घटक भाजीतून भोवतालच्या पाण्यात उतरतात आणि दोहोंत साधारण सारख्या प्रमाणात पसरतात. डब्यातील ऐवजाचा तिसरा हिस्सा जर पाणी असेल, तर विरघळलेल्या जीवनसत्त्वांचाही जवळजवळ तिसरा हिस्सा त्या पाण्यात असतो. ते मोरीत ओतले की तोही गेला. उलट ते वापरावे तर मीठ पोटात जाते. निथळलेल्या वाटाण्यातही १०० ग्रॅमला पाव ग्रॅमच्या वर सोडियम राहते, आणि दिवसाची मर्यादा २ ग्रॅमची आहे. कॅरोटिन पाण्यात विरघळत नसल्याने उष्णतेत बरेचसे तगून राहते. डबाबंद पालकात 'अ' जीवनसत्त्वाचे मूल्य १०० ग्रॅमला ४९० मायक्रोग्रॅमच्या आसपास आढळते. टोमॅटोतील लायकोपीन तर शिजल्यावर शरीरास अधिक सहज मिळते. तात्पर्य, 'निःसत्त्व' हे विशेषण डबाबंद भाजीला सरसकट लावता येत नाही.

वाळविण्याची क्रिया वेगळ्या तत्त्वावर चालते. येथे जीवाणू मारले जात नाहीत. त्यांना वाढीसाठी लागणारे पाणी काढून घेतले जाते. सांगली जिल्ह्यातील तासगाव व कवठेमहांकाळ परिसरात द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व इथिल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर पसरतात. द्रावणामुळे सालीवरील मेणाचा थर सैल होतो आणि सुमारे दोन आठवड्यांत चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. चौपट आटल्यामुळे साखर, पोटॅशियम, चोथा व खनिजे चौपट दाटतात. 'क' जीवनसत्त्व मात्र दाटत नाही, ते हवेत व उजेडात नाश पावते. बेदाण्यात ते १०० ग्रॅमला अवघे २.३ मिलिग्रॅम उरते. सुक्या जर्दाळूत १ मिलिग्रॅम. गंधकाची धुरी दिली तर 'क' जीवनसत्त्व आणि कॅरोटिन यांचे काहीसे रक्षण होते आणि रंगही उजळ राहतो, परंतु तोच गंधक थायमिनचा नाश करतो. लाभाच्या बाजूस सुक्या अंजिरातील कॅल्शियम (१०० ग्रॅमला १६२ मिलिग्रॅम), जर्दाळूतील पोटॅशियम (सुमारे ११६० मिलिग्रॅम) आणि एकंदर चोथा यांची नोंद करावी लागते. आणि अर्थात उष्मांकांची. दिवसभर उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या व मोळ्या वाहणाऱ्या माणसाला मूठभर बेदाण्यांतील ९० उष्मांक निरुपयोगी नाहीत. मधुमेही मनुष्याला त्याच मुठीतील १८ ग्रॅम साखर मात्र हिशेबात धरावी लागते.

येथवर तुलना पदार्थांची झाली. परंतु पदार्थ एकटा खाल्ला जात नाही, तो जेवणात खाल्ला जातो. आणि बीडकडील जेवण म्हणजे ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. २०१७ च्या भारतीय तक्त्यांत बाजरीचे लोह १०० ग्रॅमला ६.४ आणि ज्वारीचे ४ मिलिग्रॅमच्या जवळपास आहे. दोन वेळच्या भाकरीला ३०० ग्रॅम बाजरी लागते असे धरले तर तिच्यातूनच १९ मिलिग्रॅम लोह ताटात येते, म्हणजे बेदाण्यांच्या मुठीतील लोहाच्या तिसाहूनही अधिक पट. तरीही रक्तक्षय असतो, कारण ताटात आलेले लोह रक्तात जात नाही. धान्यातील फायटेट त्याला बांधून ठेवते. जेवणाबरोबर वा लगेच नंतर घेतलेला चहाही तेच करतो. ही बांधणी सैल करणारे, सर्वांना परवडणारे द्रव्य म्हणजे त्याच जेवणातले 'क' जीवनसत्त्व.

प्रश्नाचे स्वरूप यामुळे पालटते. लोह कशात अधिक, हा प्रश्न नसून भाकरीतले लोह कशाने सुटेल, हा खरा प्रश्न आहे. या कसोटीवर सुका मेवा जवळजवळ शून्यावर येतो. ३० ग्रॅम बेदाण्यांत पाऊण मिलिग्रॅमही 'क' जीवनसत्त्व नसते, आणि बेदाण्यांतील पॉलिफेनॉल द्रव्ये त्यांच्या स्वतःच्याच लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. डबाबंद वाटाणा ९ ते १० मिलिग्रॅम देतो. ज्याला लोक निःसत्त्व म्हणतात तो पदार्थ या बाबतीत ज्याला पौष्टिक म्हणतात त्याच्या पुढे आहे. तथापि डब्याचा एवढ्यावरून जयजयकार करण्याचेही कारण नाही. २५ ग्रॅम लिंबाच्या रसात, म्हणजे साधारण एका लहान लिंबात, तेवढेच 'क' जीवनसत्त्व असते, आणि त्यासाठी ना डबा लागतो ना मीठ.

बीड जिल्ह्याचे स्वतःचे फळ याबाबत मोठे उद्बोधक आहे. बालाघाटच्या डोंगररांगांत, धारूर व आसपासच्या भागात, सीताफळ विपुल येते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले. ताज्या गरात 'क' जीवनसत्त्व १०० ग्रॅमला सुमारे ३६ मिलिग्रॅम, म्हणजे द्राक्षाच्या अनेक पट असते. परंतु हे फळ टिकविण्याच्या दोन्ही जुन्या रीतींना दाद देत नाही. गर ६५ अंशांच्या पुढे तापविला की कडवट होतो, म्हणून डब्यात घालून उकळता येत नाही. उघडा ठेवला की काळवंडतो, म्हणून उन्हात वाळवावयाचा तर रंग व चव दोन्ही जातात. उरतो तो मार्ग गर काढून शून्याखाली सुमारे १८ ते २० अंशांवर गोठविण्याचा. तो पुष्कळसे 'क' जीवनसत्त्व राखतो, पण अखंड वीज व शीतगृहे मागतो. त्यामुळे डोंगरावरचा हा मेवा शहरातील आइस्क्रीमच्या कारखान्यापर्यंत पोहोचतो आणि डोंगराखालच्या घरात दिवाळीनंतर उरत नाही. सीताफळाचा हंगाम सरतो आणि टोळ्या कारखान्यांकडे निघतात, हे साधारण एकाच वेळी घडते.

टोळीबरोबर जे अन्न जाते त्यात डबाही नसतो आणि बेदाणाही नसतो. असतात ती ज्वारी-बाजरीची पोती, डाळी, तिखट-मीठ आणि घरचे वाळवण. डबाबंद भाजी व सुका मेवा या जोडीच्या तुलनेत हा तिसरा पक्ष विसरला जातो. कारल्याच्या व भेंडीच्या काचऱ्या, वाळविलेली गवार, मेथी, आणि विशेषेकरून हरभऱ्याचा वाळविलेला पाला हे मराठवाड्यातील जुने टिकाऊ पदार्थ होत. हरभऱ्याचे शेंडे पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने खुडतात. त्या सुमारास टोळ्या आधीच गेलेल्या असतात. खुडणे-वाळविणे मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांकडे येते, आणि तो पाला पुढील उन्हाळ्यात अथवा पुढच्या खेपेला उपयोगी पडतो. पोषणाच्या दृष्टीने वाळलेली पालेभाजी ही वाळलेल्या फळाहून निराळी असते. तिच्यात साखर नगण्य असते. कॅल्शियम, लोह, चोथा व प्रथिने दाटतात. 'क' जीवनसत्त्व तिच्यातूनही जाते. कॅरोटिन मात्र कसे वाळविले यावर अवलंबून असते. रखरखीत उन्हात पत्र्यावर पसरलेल्या पानांचा हिरवा रंग उडून ती पिवळट पडतात, आणि रंगाबरोबर कॅरोटिनही बरेच नाहीसे होते. सावलीत, वारा खेळता ठेवून वाळविलेल्या पाल्यात ते अधिक टिकते. बीडच्या कोरड्या हवेत सावलीतही पाला लवकर खडखडीत होतो, त्यामुळे उन्हाची घाई करण्याचे विशेष कारण नसते. साठवणीत उजेड व दमट हवा लागू न देणे तितकेच महत्त्वाचे. म्हणून पारदर्शक पिशवीपेक्षा झाकणाचा पत्र्याचा डबा बरा.

हा पाला शिजविताना ज्या पाण्यात तो भिजविला ते टाकून देण्याची चाल आहे. माती बसण्यासाठी पहिले धुणे टाकणे रास्त आहे. त्यानंतरचे पाणी भाजीतच आटवावे, कारण डब्यातील पाण्याविषयी वर जे म्हटले ते येथेही लागू पडते. आणि लिंबू पिळावयाचे ते भांडे चुलीवरून उतरवून, भाकरीबरोबर खाताना पिळावे. उकळत्या भाजीत पिळलेल्या लिंबाची आंबट चव राहते, 'क' जीवनसत्त्वाचा मोठा भाग मात्र राहत नाही.